एचएमजी-कोए रिडक्टेज किट : बुरशीच्या अर्कांपुढे ते कितपत टिकतं?

डबीवर ‘१०० चाचण्या’ असं छापलेलं असतं. एचएमजी-कोए रिडक्टेज हे शरीरात कोलेस्टेरॉल बनवण्याच्या कामातलं कळीचं एन्झाइम, आणि बुरशीच्या अर्कात त्याला अडवणारं काही आहे का ते तपासायला हे किट घेत असाल तर तो आकडा ‘अठरा अर्क’ असा वाचा, आणि सांडलवंड धरून पंधरा. हिशोब पुढे येईलच. किट वाईट आहे असं मुळीच नाही, नेमून दिलेलं काम ते चोख करतं. अडचण अशी की सोबतचं माहितीपत्रक शुद्ध, रंगहीन आणि सहज विरघळणारं संयुग डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेलं आहे. बुरशीचा कच्चा अर्क यांपैकी काहीच नसतो.

हा आढावा ३४० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशावर चालणाऱ्या, ९६ वेलच्या (छोट्या खळग्यांच्या) प्लेटसाठी बनवलेल्या तयार किटचा आहे. डब्यात पाच गोष्टी येतात : पाचपट तीव्र बफर (पीएच स्थिर ठेवणारा द्राव), एनएडीपीएच (अभिक्रियेत खर्च होणारा सहघटक), एचएमजी-कोए (ज्यावर एन्झाइम काम करतं तो पदार्थ), एन्झाइमचा उत्प्रेरक भाग आणि तुलनेसाठी प्रॅव्हास्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन औषधांपैकी एक). मानवी रिडक्टेज ८८८ अमिनो आम्लांचं असतं आणि त्याचा पुढचा भाग पेशीतल्या पटलात रुतलेला असतो. तो रुतलेला भाग वगळून उरलेला विरघळणारा तुकडाच किटमध्ये दिलेला असतो, आणि तेवढा पुरतो, कारण स्टॅटिन याच तुकड्यावर बसतात.

तत्त्व सरळ आहे. एचएमजी-कोएच्या एका रेणूचं मेव्हॅलोनेट होताना एनएडीपीएचचे दोन रेणू खर्ची पडतात. एनएडीपीएच ३४० ला प्रकाश शोषतं, खर्च झाल्यावर शोषत नाही. म्हणून शोषण जितक्या वेगानं उतरेल तितकं एन्झाइम कामात, आणि उतार मंदावला तर काहीतरी त्याला अडवतंय. शरीरात कोलेस्टेरॉल किती बनायचं ते मुख्यतः याच पायरीवर ठरतं, त्यामुळे नवा रोधक शोधणारा माणूस आधी याच दारावर थाप मारतो.

पहिली पाच मिनिटं एक साधी तपासणी करा. एनएडीपीएच वेलमध्ये ४०० मायक्रोमोलर होईल असं घातलंय आणि २०० मायक्रोलिटरला वेलमधली द्रवाची खोली ०.५५ सेंटिमीटर आहे असं धरा. ०.४ मिलिमोलर गुणिले ६.२२ (एनएडीपीएचचा शोषण गुणांक) गुणिले ०.५५ म्हणजे सुमारे १.३७. रिकाम्या प्लेटचं रीडिंग वजा केल्यावर सुरुवातीचं शोषण या आकड्याच्या आसपास हवं. ०.९ दिसलं तर एनएडीपीएच आधीच मेलेलं आहे, पुढची मेहनत वाया. ते आम्लात पटकन बिघडतं. म्हणून बफरमध्येच विरघळवा, बर्फावर अंधारात ठेवा आणि त्याच दिवशी संपवा. कालचं उरलेलं वापरून केलेले प्रयोग ओळखू येतात : सगळेच उतार बुटके आणि सगळेच अर्क ‘गुणकारी’.

आता अठराचा हिशोब. एका खेपेला तीन रांगा, म्हणजे २४ वेल, याहून जास्त लावू नका. मोजणी दर २० सेकंदांनी दहाच मिनिटं चालते. पूर्ण प्लेट एका पिपेटनं भरायला घेतलीत तर शेवटच्या रांगेत एन्झाइम पडेपर्यंत पहिल्या रांगेतला कामाचा उतार संपलेला असतो. २४ पैकी दोन वेल रोधकाविना, दोन प्रॅव्हास्टॅटिनचे, दोन एन्झाइमविना. उरले १८. प्रत्येक अर्काला सहा वेल लागतात : जसा आहे तसा अर्क एन्झाइमसह दोनदा आणि एन्झाइमविना एकदा, अल्कलीनं उघडलेला अर्क (म्हणजे काय ते पुढे येईल) एन्झाइमसह दोनदा आणि एन्झाइमविना एकदा. म्हणजे खेपेला तीन अर्क. एन्झाइम पडतं ते १६ वेलमध्ये, आणि १०० वेलचं एन्झाइम सहा खेपांत संपतं. एन्झाइम नसलेल्या वेलमध्ये एचएमजी-कोए घालू नका, तितकंच बफर घाला, कारण तेही मोजूनमापूनच दिलेलं असतं.

माहितीपत्रक दर वेलला २ मायक्रोलिटर एन्झाइम टाकायला सांगतं. कागदावर ठीक, हातात नाही. २ मायक्रोलिटर उडवताना टोकाला लोंबणारा अर्धा मायक्रोलिटरही पंचवीस टक्क्यांचा फरक करतो. त्याऐवजी ३३ मायक्रोलिटर एन्झाइम १३२ मायक्रोलिटर थंड बफरमध्ये मिसळा आणि दर वेलला १० घाला. एन्झाइम तितकंच जातं आणि मल्टिचॅनल पिपेटला पकड मिळते. हे पातळ केलेलं एन्झाइम ठेवून द्यायचं नाही, लगेच वापरायचं. एका वेलची बेरीज अशी : बफर १६४, अर्क १०, एनएडीपीएच ४, एन्झाइम १०, आणि शेवटी एचएमजी-कोए १२. एन्झाइम शेवटी घालण्याची पद्धतही आहे, पण अर्कातल्या रोधकाला एन्झाइमवर बसायला थोडा वेळ मिळालेला बरा. म्हणून आधी सगळं एकत्र करून ३७ अंशांवर दहा मिनिटं ठेवा आणि एचएमजी-कोएनं सुरुवात करा. बफरही ३७ ला आणलेलं असू द्या. थंड बफर गरम प्लेटवर पडलं की बुडबुडे येतात आणि एका बुडबुड्यानं त्या वेलचा आलेख करवतीसारखा दिसायला लागतो.

इथवर किटची तक्रार करण्यासारखं काही नाही. खरी गोची आहे ती किटमधल्या प्रॅव्हास्टॅटिनपाशी.

लोव्हास्टॅटिन, मेव्हास्टॅटिन ही बुरशीजन्य संयुगं अर्कात बऱ्याचदा लॅक्टोन रूपात, म्हणजे बंद कड्याच्या रूपात येतात. एन्झाइमला अडवतं ते उघडं रूप, म्हणजे आम्ल, कारण त्याचा आकार एचएमजीशी जुळतो. शरीरात लॅक्टोन उघडण्याचं काम होतं, प्लेटमधल्या दहा मिनिटांत मात्र ते आपोआप होईल असा भरवसा नाही. प्रॅव्हास्टॅटिन मुळातच उघडं आणि पाण्यात विरघळणारं. त्यामुळे होतं असं : तुलनेची वेल झकास चालते, उतार सपाट होतो, किट ठणठणीत आहे असं वाटतं. शेजारी लोव्हास्टॅटिननं भरलेला अस्परजिलस टेरियस या बुरशीचा अर्क बसलेला असतो आणि त्याच्यासमोर ‘परिणाम नाही’ असं लिहून तो बाद होतो. तुलनेची वेल पास झाली याचा अर्थ तुमची पद्धत लॅक्टोन पकडते असा होत नाही. ही ओळ माहितीपत्रकात ठळक अक्षरांत हवी होती.

उपाय जुना आणि खात्रीचा. ४ मिलिग्रॅम वाळवलेला अर्क १०० मायक्रोलिटर इथेनॉलमध्ये घ्या, त्यात ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड १५० मायक्रोलिटर घाला आणि ५० अंशांवर दोन तास ठेवा. मग ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लानं पीएच ७.२ ला आणून बफरनं १ मिलिलिटर करा. आम्ल थेंबाथेंबानं. हात सैल सुटून पीएच ३ पर्यंत घसरला तर उघडलेलं कडं परत मिटायला लागतं. जोडीचा न उघडलेला नमुनाही असाच बनवा, फक्त अल्कली आणि आम्ल आधी एकमेकांत मिसळून शमवून घाला, म्हणजे दोन्हींत मीठ आणि इथेनॉल सारखं राहील. यातले १० मायक्रोलिटर वेलमध्ये गेले की अर्क मिलिलिटरमागे २०० मायक्रोग्रॅम आणि इथेनॉल ०.५ टक्के पडतं. रोधकाविना चालवायच्या वेलमध्येही तेवढंच इथेनॉल आणि मीठ घाला, नाहीतर तुलना कशाशी करणार?

उघडल्यावरच रोध दिसला आणि आधी दिसला नव्हता, तर स्टॅटिन जातीचं लॅक्टोन असण्याची शक्यता चांगली. दोन्हींत सारखाच दिसला तर घाई नको. अर्कातलं लोव्हास्टॅटिन आधीच आम्लरूपात असू शकतं, किंवा एन्झाइम बिघडवणारं भलतंच काही असू शकतं. माध्यमाचा पीएच, काढताना घातलेलं आम्ल आणि अर्क आटवतानाची उष्णता यांवर दोन रूपांचं प्रमाण बदलतं.

अल्कलीचा एक तोटा आहे. बुरशीच्या अर्कात मेदाम्लं भरपूर असतात आणि सोडियम हायड्रॉक्साइड पडलं की त्यांचा साबण होतो. साबणानं एन्झाइम बिचकतं आणि उतार मंदावतो. हा रोध शुद्ध फसवा. म्हणून अर्क आधी ९० टक्के मिथेनॉलमध्ये घेऊन हेक्झेननं दोनदा धुवा. मेद हेक्झेनमध्ये जातो, लोव्हास्टॅटिन बहुतांशी मिथेनॉलमध्ये राहतं. शमवल्यावर नमुना गढूळ दिसला तर सेंट्रिफ्यूजमध्ये १०,००० g वर दहा मिनिटं फिरवून वरचा स्वच्छ भाग घ्या. गढूळपणा ३४० ला शोषणासारखाच दिसतो आणि तळाशी बसत गेला की खोटा उतारही देतो.

रंगाचा त्रास वेगळा. अस्परजिलस टेरियस लोव्हास्टॅटिनच्या जोडीला जिओडिन नावाचं पिवळं संयुग बनवतो. मोनॅस्कस या बुरशीची रंगद्रव्यं पिवळ्यापासून लालपर्यंत असतात. स्थिर रंगाचं इतकं बिघडत नाही, कारण आपण उतार मोजतो, उंची नाही. पण रंग इतका गडद असेल की सुरुवातीचं शोषण अडीचच्या वर जातं, तर बऱ्याच यंत्रांचं रीडिंग तिथं भरवशाचं राहत नाही. मग अर्क पातळ करण्यावाचून इलाज नाही. लोव्हास्टॅटिनचं स्वतःचं शोषण २३८ नॅनोमीटरला असतं, ३४० ला ते लुडबुड करत नाही.

रंगापेक्षा घातक आहे तो एनएडीपीएच स्वतःच खाणारा अर्क. त्यासाठीच एन्झाइमविना वेल लागतो. एक उदाहरण घेऊ. रोधकाविना उतार मिनिटाला ०.०४० आहे. अर्कासह ०.०४५ आला. पहिल्या नजरेत रोध नाहीच, उलट वेग वाढलाय. पण त्याच अर्काचा एन्झाइमविना उतार ०.०१५ निघाला. तो वजा केला की एन्झाइमचा खरा वाटा ०.०३०, म्हणजे पंचवीस टक्के रोध. ही एक वेल वाचवली तर पंचवीस टक्क्यांचा धागा हातातून सुटतो. एन्झाइमची क्रिया काढण्याच्या सूत्रात येणारा १२.४४ हा आकडा ६.२२ ची दुप्पट आहे, कारण एका एचएमजी-कोएमागे दोन एनएडीपीएच जातात. फक्त टक्केवारी काढायची असेल तर तो कटतो. पण एन्झाइमची क्रिया एककांत लिहायची असेल तर दोनदा दोननं भागण्याची चूक अनेक प्रबंधांच्या मसुद्यांत सापडते.

शुद्ध संयुग हाती आलं की लोक याच किटवर आयसी-५० (एन्झाइमचा वेग निम्म्यावर आणणारी रोधकाची तीव्रता) काढायला बसतात. इथं एक मर्यादा समजून घ्यायला हवी. दर वेलला साधारण १ मायक्रोग्रॅम एन्झाइम जातं. त्याचं रेणूभार ७५ किलोडाल्टन धरलं तर २०० मायक्रोलिटरमध्ये ते सुमारे ६७ नॅनोमोलर होतं. एन्झाइमपेक्षा कमी रोधक घालून सगळं एन्झाइम अडवता येत नाही, त्यामुळे संयुग कितीही जालीम असलं तरी आयसी-५० तीसेक नॅनोमोलरच्या खाली सहसा उतरणार नाही. स्टॅटिनांची खरी पकड याच्या कितीतरी पट घट्ट, १ नॅनोमोलरच्या आसपास असते. तेव्हा ‘आमचं संयुग प्रॅव्हास्टॅटिनइतकंच प्रभावी’ असा निष्कर्ष या किटवरून काढू नये. दोघंही एकाच तळाला टेकलेले असू शकतात. चाळणीसाठी मात्र हाच गुण कामाचा आहे : अर्कात दहा हजारांत एक भाग लोव्हास्टॅटिन असलं तरी वेलमध्ये ते ४९ नॅनोमोलर होतं आणि उतारावर दिसतं.

आता प्रश्न असा की इतक्या संवेदनशील चाळणीत नेमकं काय अडकतं? पहिलं स्टॅटिन शोधणारे जपानी जीवरसायनशास्त्रज्ञ अकिरा एंडो यांचं काम इथं आठवतं. १९७१ पासून तोक्योच्या सांक्यो कंपनीत त्यांनी दोनेक वर्षांत सुमारे सहा हजार सूक्ष्मजीव तपासले. हाताशी उंदराच्या यकृताचा अर्क आणि किरणोत्सारी अ‍ॅसिटेट. अ‍ॅसिटेटपासून स्टेरॉल बनणं थांबतं का ते आधी बघायचं, आणि मेव्हॅलोनेट दिल्यावर ते पुन्हा सुरू होतं का हे नंतर. पहिला जोरदार रोधक मिळाला पायथियम अल्टिममपासून, तो निघाला सिट्रिनिन. एन्झाइम अडवतं, पण मूत्रपिंडाला विषारी, म्हणून बाजूला ठेवावं लागलं. (पायथियमला आता खरी बुरशी मानत नाहीत, ते असो.) मग क्योतोतल्या एका धान्याच्या दुकानातल्या तांदळावरून वेगळ्या केलेल्या पेनिसिलियम सिट्रिनमनं १९७३ मध्ये कॉम्पॅक्टिन (वर आलेलं मेव्हास्टॅटिन तेच) दिलं. लोव्हास्टॅटिन पुढचं : अमेरिकेत मर्क कंपनीला ते अस्परजिलस टेरियसमध्ये मिळालं, एंडोंना मोनॅस्कस रुबरमध्ये, आणि औषध म्हणून त्याला १९८७ मध्ये मान्यता मिळाली. किटमधलं प्रॅव्हास्टॅटिनही याच घराण्यातलं, कॉम्पॅक्टिनवर एका स्ट्रेप्टोमायसिस जिवाणूकडून हायड्रॉक्सिल गट बसवून घेतलेला.

सिट्रिनिन हा इतिहासातला किस्सा म्हणून सोडून देऊ नका. ते आजही याच किटमध्ये ‘हिट’ म्हणून येऊ शकतं. पेनिसिलियम आणि मोनॅस्कसच्या बऱ्याच वाणांत ते असतं आणि त्याचं शोषण ३३० च्या पुढे-मागे, म्हणजे अगदी आपल्या खिडकीत. या दोन बुरशींचा अर्क चमकला की लगेच शुद्धीकरणाला धावू नका. एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) २३८ नॅनोमीटरला लोव्हास्टॅटिनची आणि प्रतिदीप्तीवर सिट्रिनिनची जागा ताडून बघा. एका दिवसाचं काम, पुढचे तीन महिने वाचतात.

एंडोंची चाळणी अवजड होती, पण अ‍ॅसिटेटपासून स्टेरॉलपर्यंतची सगळी वाट तिच्या नजरेत होती. हे किट वाटेवरचा एकच नाका राखतं. बुरशींनीच दिलेली झॅरागोझिक आम्लं त्याच वाटेवरच्या पुढच्या स्क्वालिन सिंथेज या एन्झाइमला अडवतात. ती या किटसमोरून सरळ निघून जातील आणि तुम्ही त्या बुरशीला निरुपयोगी म्हणून फ्रीजरच्या तळाशी टाकाल. दुसरी बाजूही खरी : प्लेटवर जे चालतं ते प्राण्यात चालेलच असं नाही. कॉम्पॅक्टिननं उंदरांत कोलेस्टेरॉल उतरेना. यकृतातलं एन्झाइमच कित्येक पटींनी वाढून रोध भरून निघत होता. अंडी देणाऱ्या कोंबड्यांत ते उतरलं आणि संयुग वाचलं.

म्हणून शेकडो बुरशी हाताशी असतील तर हे किट पहिली चाळणी म्हणून घेऊ नका. अठरा-अठरा करत संपून जाल. त्याआधी न्यूरोस्पोरा क्रासा या बुरशीची अगर प्लेट लावा. कागदाच्या चकतीवर अर्क, चकतीभोवती वाढ थांबल्याचं वर्तुळ. मग तोच अर्क मेव्हॅलोनेट मिसळलेल्या अगरवर. वर्तुळ नाहीसं झालं तर रोध मेव्हॅलोनेटच्या अलीकडे आहे. तसंच राहिलं तर ते साधं बुरशीनाशक असेल किंवा मेव्हॅलोनेटच्या पलीकडची पायरी अडत असेल. ही पद्धत आकडे देत नाही, पण शंभरातले पाचसहा निवडून देते. त्या पाचसहांसाठी हे किट घ्या. तिथं ते पैसे वसूल करतं, आणि शुद्धीकरणात कुठल्या फ्रॅक्शनमध्ये क्रिया गेली हे एका तासात कळणं ही तर त्याची सगळ्यात मोठी सोय आहे.

एकाच ज्ञात वाणातून लोव्हास्टॅटिन किती मिळालं एवढंच मोजायचं असेल तर किट लागतच नाही, एचपीएलसी पुरते.

डबा हातात पडला की आधी ड्राय आइस शिल्लक आहे का बघा. पूर्ण उडालेला असेल तर एन्झाइमची रोधकाविना एक खेप त्याच दिवशी चालवा आणि उताराची नोंद ठेवा. एन्झाइमची २०० मायक्रोलिटरची कुपी पहिल्यांदा वितळवाल तेव्हाच ३३-३३ चे सहा भाग करा आणि उणे ७० ला ठेवा. वितळलेला भाग पुन्हा गोठवायचा नाही. दर भागावर तारीख आणि खेपेचा क्रमांक लिहा, शाई अल्कोहोलनं पुसली जाणार नाही अशी घ्या.